मधली रेघ आधी, आरसा नंतर

एका बाजूचा खालचा जबडा लहान असलेल्या मुलाचा सीटी स्कॅन पडद्यावर उघडला की पहिला मोह होतो तो आरशाचा. चांगली बाजू उचलायची, उलटी करायची, लहान बाजूवर आणून बसवायची आणि दोन्हींत जेवढी तफावत दिसेल तेवढं हाड वाढवायचं. सॉफ्टवेअरमध्ये हे पाच मिनिटांचं काम. प्लॅन वाकडा जातो तो बहुतेक वेळा या पाच मिनिटांतच. ऑपरेशन थिएटरमध्ये फक्त ते उघडकीला येतं.

इथे बोलतोय ते मुख्यतः क्रेनिओफेशियल मायक्रोसोमियाबद्दल. जन्मतः चेहऱ्याची एक बाजू लहान राहते. कान अर्धवट किंवा नुसती कातडीची गाठ, गाल बसलेला, हनुवटी त्या बाजूला सरकलेली. साधारण साडेतीन ते साडेपाच हजार जन्मांमागे एक मूल असं असतं. दुभंगलेले ओठ आणि टाळू सोडले तर चेहऱ्याच्या जन्मजात व्यंगांत हेच सर्वांत जास्त दिसतं. आईवडील आधी कानासाठी धावतात, ते बरोबरच आहे, कारण त्या बाजूचं ऐकणं बहुधा कमी असतं. पण जबड्याचा विचार सुरू व्हायच्या आधी मानेच्या मणक्यांचा एक्स-रे आणि किडनीची सोनोग्राफी झालेली असावी. मणके जन्मतः जुळलेले असतील तर भूल देताना मान मागे वळत नाही, आणि हे टेबलावर कळणं परवडत नाही.

जबडा किती लहान आहे यापेक्षा काय शिल्लक आहे, यावर सगळं ठरतं. प्रुझान्स्की यांनी १९६९ मध्ये केलेली आणि पुढे काबान यांनी सुधारलेली वर्गवारी आजही रोज वापरात आहे. पहिल्या प्रकारात सगळे भाग आहेत, फक्त लहान. दुसऱ्याचे दोन पोटप्रकार. टू-ए मध्ये रेमस, म्हणजे जबड्याची उभी फांदी, आखूड आणि बेढब असते, पण सांधा जागेवर असतो. टू-बी मध्ये सांधाच आत, पुढे आणि खाली सरकलेला असतो. तिसऱ्यात रेमस आणि सांधा नसतातच. हाड ताणून वाढवायचं तर मागच्या तुकड्याला टेकायला काहीतरी लागतं. पहिल्या प्रकारात आणि टू-ए मध्ये ते असतं. तिसऱ्यात ताणायला काही नाही, तिथे बरगडीचं हाड काढून बसवायचं. टू-बी हा वादाचा मुलूख. तिथे त्रिमितीय मॉडेल हातात घेऊन, सांध्याच्या खोबणीत बोट फिरवून मगच बोलावं.

सीटी कसा हवा

पालक पिशवीतून फिल्म आणि एक सीडी आणतात. सीडीत चित्रं पाहण्याचं सॉफ्टवेअर असतं आणि ५ मिमीच्या स्लाइस. त्यावर प्लॅनिंग होत नाही. १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस हव्यात, मूळ डायकॉम (वैद्यकीय स्कॅनच्या फाइलचा प्रकार) स्वरूपात. त्या सेंटरच्या मशीनवर काही दिवस राहतात आणि मग जागा करण्यासाठी पुसल्या जातात. म्हणून स्कॅन झाला त्याच दिवशी मागून घ्या, नाहीतर पोराला पुन्हा किरणं खावी लागतील. चिठ्ठीवर स्पष्ट लिहा: गॅन्ट्री (मशीनचं गोल कडं) सरळ, शून्य अंश, डोळ्यांच्या वरपासून गळ्यातल्या हायॉइड हाडापर्यंत, हाडाचं रिकन्स्ट्रक्शन, डोस मुलांचा. आणि हनुवटीवर पट्टा बांधू नका. मूल हलू नये म्हणून टेक्निशियन तो बांधतोच, आणि त्याने जबडा एका बाजूला ढकलला जातो. मग आपण पट्ट्याने केलेली विकृती मोजत बसतो.

सेगमेंटेशनला, म्हणजे स्कॅनमधून हाड वेगळं काढायला, सॉफ्टवेअरमध्ये हाडासाठी एक तयार आकडा असतो, मिमिक्स या सॉफ्टवेअरमध्ये तो २२६ हाउन्सफील्ड (सीटीवर घनता मोजायचं एकक). तो मोठ्यांच्या हाडासाठी ठीक. मुलांचं हाड कमी घट्ट, त्यामुळे या आकड्यावर रेमसच्या पातळ भागात भोकं पडतात आणि खोबणीचा तळ नाहीसा होतो. आकडा खाली आणला की भोकं बुजतात, पण बाकीचं हाड फुगतं आणि त्यावर बनवलेलं गाइड, म्हणजे कापताना हाडावर बसवायचा तुकडा, सैल बसतं. मधला मार्ग कंटाळवाणा आहे: आकडा थोडा खाली, आणि पातळ भाग स्लाइसमागून स्लाइस हाताने रंगवायचा. थ्रीडी स्लायसर फुकट मिळतं आणि हे काम त्यात नीट होतं. स्मूदिंग मात्र आवरतं घ्या. मॉडेल गुळगुळीत दिसतं, पण कडा खाल्ल्या जातात, आणि गाइड टेकतं ते कडांवरच.

दातांच्या कळ्या, म्हणजे अजून न उगवलेले दात, आणि जबड्यातून ओठाकडे जाणाऱ्या नसेचा कालवा वेगळ्या रंगात, वेगळे भाग म्हणून काढा. सहा वर्षांच्या मुलात पहिली कायमची दाढ वर येत असते आणि दुसरीची कळी जबड्याच्या कोपऱ्याजवळ हाडात दडलेली असते. कटाची रेघ नेमकी तिथूनच जाऊ पाहते.

रेघ कुठे मारायची

सममितीसाठी आधी मधलं प्रतल लागतं, म्हणजे चेहरा दोन भागांत कापणारी उभी पाटी. पुस्तकी पद्धत फ्रँकफर्ट पातळीची: कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड. पण या मुलांत एका बाजूला कानाचं भोक नसतं, किंवा असलं तर खाली सरकलेलं. डोळ्याची खोबणही कधी कधी खाली असते. वरचा जबडा तिरका, नाकाचं टोक वळलेलं. जे बिंदू आपण एरवी डोळे मिटून वापरतो, तेच इथे आजारी असतात.

त्यातल्या त्यात भरवशाचा तो कवटीचा तळ. क्रिस्टा गॅली (नाकाच्या वर, कवटीच्या आतला हाडाचा उंचवटा), सेलाचा, म्हणजे पिट्युटरी ग्रंथीच्या खोबणीचा, मध्य आणि बेसियन, म्हणजे मेंदूतून मज्जारज्जू बाहेर पडतो त्या भोकाची पुढची कड. या तिघांतून जाणारी पाटी काढा. मग ती मुलाच्या चेहऱ्यावर तपासा, पडद्यावर नाही. मुलाला उभं करून समोरच्या आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघायला सांगा, मागे दोरीला वजन बांधून ओळंबा सोडा, समोरून फोटो घ्या. दुसऱ्या फोटोत दाढांमध्ये आडवी लाकडी पट्टी चावायला द्या, तीच घसा तपासायची. पट्टी आणि डोळ्यांच्या दोन बाहुल्यांना जोडणारी रेघ यांतला कोन म्हणजे चाव्याचा तिरपेपणा. तो सीटीवरच्या कोनाशी जुळत नसेल तर पाटी चुकली. एका डोळ्याची खोबण खाली असेल तर बाहुल्यांची रेघही खोटी, मग ओळंब्यावरच जायचं.

आता आरसा. मिररिंग वापरायचं ते फक्त दोन गोष्टींसाठी: रेमसची उंची आणि जबड्याच्या कोनाची जागा. हनुवटी आरशात पाहू नका, कारण ‘चांगली’ बाजू पूर्ण चांगली नसते. हनुवटी वर्षानुवर्षं आजारी बाजूला ओढली गेल्याने चांगल्या बाजूचा आडवा भाग ताणून सपाट झालेला असतो. ती सपाट बाजू उलटवून बसवली की दोन्हीकडे सपाट चेहरा मिळतो.

एक साधी चूक इथेच उरकतो. डायकॉमऐवजी जेपीजी चित्रांचा गठ्ठा चढवला की कधी कधी सगळं डोकंच डावं-उजवं उलटतं. मॉडेल छापायच्या आधी त्वचेचा पृष्ठभागही काढा आणि लहान कान कुठल्या बाजूला आहे ते मुलाच्या फोटोशी ताडून बघा.

किती, आणि कोणत्या दिशेने

हाड ताणून वाढवायची पद्धत रुळवली रशियातल्या कुर्गानच्या गाव्रिल इलिझारोव यांनी, पायांसाठी. खालच्या जबड्यावर मुलांमध्ये ती वापरल्याचा न्यूयॉर्कच्या मॅकार्थी यांचा अहवाल १९९२ मध्ये आला. तत्त्व तेच राहिलं आहे. हाड कापा, काही दिवस थांबा, मग रोज थोडं ताणा, आणि फटीत नवं हाड भरू द्या.

समजा सहा वर्षांचं मूल, उजवी बाजू, टू-ए. उजवा रेमस २२ मिमी, डावा ३४. तफावत १२. पण वाढ थांबलेली नाही. डावी बाजू पुढची दहा वर्षं वाढणार आणि उजवी मागे पडणार. म्हणून थोडं जास्त ताणतात, इथे १४ धरू. स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्याला ०.५ मिमी सरकणाऱ्या डिस्ट्रॅक्टरला, म्हणजे हाड ताणणाऱ्या उपकरणाला, २८ फेरे, सकाळी एक संध्याकाळी एक, म्हणजे १४ दिवस. उपकरणाचा पल्ला २० मिमीचा घ्या. काठोकाठ १५ चा घेतला आणि एखाददोन मिमी स्क्रूंच्या सैलपणात गेले तर अखेरीला हात बांधले जातात. आणि फेऱ्याला ०.५ हे गृहीत धरू नका. काही उपकरणांत तो आकडा वेगळा असतो. पाकिटावर बघा, आणि टेबलाशेजारी दहा फेरे फिरवून पट्टीने मोजा.

दिशा चुकली तर लांबीत ते फारसं कळत नाही, म्हणूनच ती चूक लपते. १५ मिमी ताणताना उपकरण १५ अंश बाहेर कललं, म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा अडीच मिनिटांत फिरतो तेवढं, तर लांबी जेमतेम अर्धा मिमी कमी पडते. पण टोक जवळजवळ ४ मिमी बाजूला जातं. दोन्ही बाजूंना उपकरणं असतील तर प्रकरण आणखी बिघडतं. जबडा वरून इंग्रजी व्ही सारखा असतो, आणि हात आपोआप उपकरण हाडाच्या भिंतीला समांतर लावतो. दोन्ही एकमेकांना समांतर हवीत, हाडाला नव्हे. नाहीतर ताणताना दोन्ही बाजू फाकायला बघतात, ते जमत नाही, आणि तो जोर सांध्यांवर जातो. पडद्यावर दोन्ही अक्ष लांब रेघा म्हणून पुढे ओढून बघा. फाकत असतील तर लगेच दिसतं.

मागच्या तुकड्यात स्क्रू बसायला जागा आहे का हेही आताच मोजा. प्लेटला किमान दोन, जमल्यास तीन स्क्रू लागतात, म्हणजे कटाच्या वर सेंटिमीटरभर तरी हाड हवं. कट दातांच्या कळ्यांच्या मागून न्या, कळीपासून २ मिमी राखून. नसेच्या वाटेवर बाहेरचं कवच पूर्ण कापायचं, आतलं तिथेच थोडं सोडायचं, आणि शेवटी पातळ ऑस्टिओटोमने (हाडाच्या छिन्नीने) हलकेच उघडायचं. करवतीने एका दमात आरपार गेलात तर खालचा ओठ बधिर होतो.

गाइड

गाइड म्हणजे हाडावर एकाच जागी बसणारा प्लास्टिकचा तुकडा. त्यात करवतीसाठी खाच आणि ड्रिलसाठी भोकं. कामाचा खरा जीव भोकांत आहे. गाइडमधून पाडलेल्या भोकांतच नंतर डिस्ट्रॅक्टरच्या प्लेटचे स्क्रू गेले की दिशा आपोआप उतरते, डोळ्याने अंदाज करावा लागत नाही. पण त्यासाठी क्रम पाळावा लागतो. आधी छापलेल्या मॉडेलवर डिस्ट्रॅक्टरच्या प्लेट वाकवून घ्या, त्या वाकवलेल्या स्थितीतली भोकं कॉम्प्युटरमध्ये घ्या, मग गाइड काढा. उलटं केलं, म्हणजे आधी गाइड आणि थिएटरमध्ये ‘थोडं वाकवू’, तर भोकं एकीकडे आणि प्लेट दुसरीकडे.

जाडी २.५ ते ३ मिमी. हाड आणि गाइड यांत ०.१ ते ०.२ मिमी फट सोडा, नाहीतर छपाईच्या खरबरीतपणाने ते अडतं. खाच करवतीच्या पात्यापेक्षा पाव मिमी रुंद. पातं आधी कॅलिपरने मोजा. पिझो, म्हणजे कंपनाने हाड कापणारं यंत्र, वापरणार असाल तर खाच वेगळी, त्याच्या टोकाची जाडी वेगळी असते. ड्रिलच्या भोकात धातूची नळी बसवा, नाहीतर ड्रिल प्लास्टिक खरवडतं आणि त्याचा चुरा जखमेत पडतो.

सर्वांत जास्त वैताग गाइड सरकण्याचा. आजारी बाजूच्या हाडाला ठळक कडा नसतात, खालची किनार गोलसर, कोन जवळजवळ नसतोच. सपाट हाडावर सपाट गाइड साबणाच्या वडीसारखं घसरतं. त्याला एक आकडी खालच्या किनारीखाली आणि एक रेमसच्या पुढच्या कडेवर द्या, म्हणजे दोन दिशा बांधल्या जातात. आकडी इतकी खोल नको की गाइड आत सरकवताच येणार नाही. जखम जेमतेम तीनचार सेंटिमीटरची असते, हे पडद्यावर हमखास विसरतं. मॉडेलवर कागदात तेवढीच चीर पाडून त्यातून गाइड घालून बघा. गाइडच्या पाठीवर बाजूचं अक्षर आणि ‘वर’चा बाण कोरा. मध्ये एक छोटी खिडकी ठेवा, तिच्यातून हाड आणि प्लास्टिक यांतली फट दिसते. फट दिसली तर खाली मॅसेटर या चावण्याच्या स्नायूचा धागा किंवा पेरिऑस्टियम, म्हणजे हाडावरचं आवरण, अडकलं आहे. पुन्हा साफ करा, दाबून बसवू नका.

पीएलए या छपाईच्या साध्या प्लास्टिकचं गाइड ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, टाकू नका. ते साठएक अंशांनाच मऊ पडतं, आणि ऑटोक्लेव्ह १२१ किंवा १३४ ला चालतो. बाहेर येतं ते वाकडं, आणि वाकडेपणा एवढा थोडा असतो की नजरेला चुकतो. वैद्यकीय दर्जाचं रेझिन किंवा नायलॉन वापरा. रेझिन असेल तर अल्कोहोलने धुणं आणि पूर्ण क्युअर करणं, म्हणजे प्रकाशाखाली पक्कं करणं, यांत घाई नको. हाताला चिकट लागणारं रेझिन शरीरात जाता कामा नये.

पैसे आणि वेळ दोन्ही कमी असतील तर आमचं मत सरळ आहे: गाइड सोडा, मॉडेल छापा. साध्या पीएलएच्या मॉडेलवर कळ्या आणि नस रंगवून प्लेट आधी वाकवून ठेवल्या तरी निम्मी लढाई जिंकता येते. मॉडेल जखमेत जात नाही, त्यामुळे वाफेचा प्रश्नच नाही.

घरी फिरवणं

या वयात ऑपरेशननंतर साधारण पाच दिवस थांबून फिरवायला सुरुवात होते. रोज १ मिमी, दोन वेळांत. हे काम घरचेच करतात, बहुधा आई. तिला वॉर्डमध्येच दोनतीन वेळा स्वतःच्या हाताने करू द्या. चूक ठरलेली असते. स्क्रूड्रायव्हर अर्धा फेरा फिरतो, मनगट पुढे जात नाही, आणि पकड बदलताना हात तो न काढताच मागे आणतो. स्क्रू परत येतो. आठ दिवसांनी वहीत १६ फेरे आणि एक्स-रेवर फट ३ मिमी. म्हणून अर्धा फेरा, काढा, पुन्हा बसवा, अर्धा फेरा. दांड्यावर परमनंट मार्करने एक ठिपका द्या आणि बाणाचं चित्र काढून भिंतीवर लावा. फिरवायच्या अर्धा तास आधी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल दिलं की पोरगं पळत नाही.

फिरवायला लागल्यापासून चौथ्या दिवशी एक्स-रे घ्याच. फट दिसत नसेल तर तीन शक्यता: स्क्रू सैल, कट अर्धवट, किंवा हाड आधीच जुळलं. कट अर्धवट असेल तर फिरवताना जोर लागतो आणि मूल नेहमीपेक्षा जास्त रडतं. तिथे थांबून सर्जनला कळवायचं, जोराने रेटायचं नाही.

ताणून झाल्यावर उपकरण साधारण आठ आठवडे तसंच. नवं हाड कोवळं असताना काढलं तर चावण्याच्या स्नायूंच्या ओढीने ते वाकतं आणि पुढचे दात मिटेनासे होतात. एव्हाना आजारी बाजूच्या दाढांमध्ये फट पडलेली असते, आणि पडायलाच हवी. तिथे अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा घालून ऑर्थोडॉन्टिस्ट तो थोडा थोडा घासत जातो, म्हणजे वरच्या दाढा हळूहळू खाली उतरतात आणि वरच्या जबड्याचा तिरपेपणाही कमी होतो. ऑपरेशन छान होऊन हा टप्पा सोडला गेला की दोन वर्षांत निम्मी कमाई जाते. गाव लांब असतं, दाताच्या खेपा कोणी धरत नाही. त्या तारखा डिस्चार्ज कार्डवरच लिहून द्याव्यात.

पिएर रॉबिन सिक्वेन्सच्या तान्ह्या बाळांत हिशेब वेगळा, कारण तिथे प्रश्न श्वासाचा असतो. हनुवटी मागे, जीभ घशात पडलेली. आधी पालथं झोपवणं, नाकातून नळी. त्याने भागलं नाही तरच ताणणं. त्याआधी दुर्बिणीने श्वासनलिका पाहिलेली हवी. अडथळा खाली असेल तर जबडा कितीही पुढे आणला तरी बाळ निळं पडायचं थांबत नाही. बाळाचं हाड झटपट जुळतं, म्हणून थांबणं एखादा दिवस आणि वेग रोज १ ते २ मिमी. सीटीला भूल टाळता येते. दूध पाजून, घट्ट गुंडाळून, झोप लागल्यावर. प्लॅनिंग पुढच्या काही दिवसांत उरकायचं. महिन्याभरापूर्वीच्या सीटीवरचं गाइड त्या जबड्यावर बसणार नाही, जबडा तोवर वाढलेला असतो.

तिसऱ्या प्रकारात बरगडी, बहुधा सहावी किंवा सातवी, टोकाला कूर्चेची टोपी ठेवून. टोपी काही मिमीचीच. जाड ठेवली तर ती बाजू भरमसाट वाढून हनुवटी उलट दिशेला जाऊ शकते. पायाच्या फिब्युलाची वेळ आलीच तर घोट्याजवळ सहा ते आठ सेंटिमीटर हाड सोडा आणि वाढत्या मुलात घोटा तिरपा होऊ नये म्हणून तिथे स्क्रूने आधार द्या.

वाढ थांबल्यावर, सोळा-अठराच्या सुमाराला, यांतल्या बऱ्याच मुलांना आणखी एक ऑपरेशन लागतं. तेव्हा पहिला सीटी, प्लॅनच्या एसटीएल (त्रिमितीय मॉडेलच्या) फाइल आणि उपकरणाचा मेक हवा असतो, आणि तोवर कॉम्प्युटर बदललेला असतो, रेसिडेंट तर कधीच गेलेला. पेन ड्राइव्हवर सगळं घालून आईवडिलांच्या हातात द्या आणि फाइलच्या नावात तारीख आणि बाजू मराठीत लिहा.